फुलं बघायला आलेला माणूस

शाळेत तिसरीचा वर्ग चालू होता. दादाच्या कचेरीतला शिपाई दाराशी आला, वहाणा काढून आत शिरला. "बाई, सायबांना मोजणीवरून पालघरला दवाखान्यात नेलेलं..." एवढं बोलून त्याने डोक्यावरची टोपी काढली. दादा गेला, हे मला कळलं. तेव्हा भाद्रपद सरत होता. त्याला आता महिना होऊन गेला, आणि सालवडच्या आमच्या खोलीपुढे दादाची बाग अशी काही फुलली आहे की तिच्याकडे बघवत नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, मोजणीदार. आम्ही मूळचे वाईकडचे. चीनशी लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी बोईसरपासून किनाऱ्याकडे रुंद रस्ता न्यायचं ठरलं, दादाची बदली इकडे झाली, मलाही इथल्या शाळेत नोकरी मिळाली. माणूस अबोल आणि हट्टी, चहा दोनदा गरम करून द्यावा लागे. फुलांचं वेड मात्र विचारू नका. पावसाळ्यात काय, कुणाचंही अंगण हिरवं दिसतं, खरी बाग शरदातली, म्हणायचा. पहिल्या वर्षी त्याने वाईचं बी पेरलं, ते खाऱ्या वाऱ्याने पंधरा दिवसांत करपलं. "शालू, चुकलंच आपलं," तो म्हणाला, "इथली माणसं काय लावतात ते आधी बघायला हवं होतं."

बघायची संधी आयतीच होती. पाऊस उघडला की मोजणी सुरू होते, आणि अंगणंही नेमकी तेव्हाच फुललेली असतात. साखळी टाकता टाकता तो कुडाच्या कुंपणांवरून डोकावे. कुठे भाताच्या बांधावर झेंडू... कुठे न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली कर्दळ आणि तिच्या पायाशी जांभळा तेरडा. कशाशेजारी काय शोभतं ते मोजणीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आणे. ज्या घरांवर चुन्याची खूण करावी लागे, जी पाडलीच जाणार होती, तिथून मात्र तो एकेक रोप मागून घेई. "घर काही मला वाचवता येत नाही, झाड तरी राहील," म्हणे. ती रोपं त्याने त्या त्या अंगणात होती तशीच आमच्या दारात लावली. पुढच्या शरदात येणारे-जाणारे थांबून बघू लागले, आणि मीही जरा मिरवलेच.

आमच्याकडे लाकडाची मोळी घेऊन एक बाई येई. एकदा ती बागेपासून लांबच उभी राहिली. म्हणाली, "बाई, तुमचा सायेब फूल मागाया आला का तो घर गेला समजायचा. सगली असाच बोलतात." मी हसले. दादाला सांगितलं नाही. त्याला वाईट वाटेल असं मी मनाला सांगितलं, पण खरं म्हणजे तो रोपं आणायचं बंद करील याचीच मला भीती होती.

तिसऱ्या वर्षी दादाला कुणीतरी पाम गावच्या जनीचं अंगण सांगितलं. पांढरी शेवंती आणि मधूनमधून कोंबड्याचे लाल तुरे. रस्त्याची रेषा तिथून खूप लांब होती, म्हणून रविवारी तो नुसता बघायला गेला. जनी विधवा, दोन मुली, घरामागे पावसावरचा भाताचा तुकडा. ती दारातच म्हणाली, "सायेब, आता आमचा घर जानार काय?"

"नाही हो, फुलं बघायला आलोय."

"सगल्यांकडं तुमी फुलांनाच आलता."

हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मोळीवाली काय म्हणाली होती ते माझ्या लक्षात होतं. तरी मी गप्पच बसले... ते आठवलं की आजही मला माझीच किळस येते.

आठ दिवसांत जनीने कौलं उतरवली, दार काढलं, भात हिरवाच कापला आणि मुलींना घेऊन वैतरणा नदीपलीकडे भावाकडे निघून गेली. पुढल्याच महिन्यात वरचे साहेब पाहणीला आले. आधीच्या रेषेत दलदल लागत होती, आणि पामला ही मोकळी जागा दिसली. दादा भांडला, तिथे घर आहे म्हणाला. "कुठे आहे, दाखवा," साहेब म्हणाले. उघडं जोतं होतं आणि शेवंती. त्या जोत्यावर चुन्याची खूण त्यालाच करावी लागली.

दादा वैतरणेपलीकडे तिच्या भावाकडे जाऊन आला. जनी मुलींसह वीटभट्टीवर गेली होती, कुठल्या ते भावालाही ठाऊक नव्हतं. ती का गेली हे त्याला तिथेच समजलं. घरी येऊन त्याने एवढंच विचारलं, "लोक असं बोलतात, हे तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. तो कळशी घेऊन बागेत गेला. त्यानंतरही बागेला रोज पाणी घाली, पण नवं रोप आणलं नाही. गावातून जाताना मान खाली घालून चालायचा. पुढे कुणाच्या अंगणाचं फाटक आलं की रस्त्याची कड बदलायचा, मग चिखल असला तरी.

काल शाळेतून पामच्या वाटेने येत होते. एका कुडामागे पिवळाधमक झेंडू दिसला. मी थांबले असेन, फार तर दोन श्वास. आतून एक बाई धावत आली.

"तुमी त्या मोजनीवाल्याची बहीन ना?"

मी मान हलवली. तिने पदर खोचला आणि दोन्ही हातांनी झेंडू उपटायला लागली, मुळासकट, कळ्यांसकट. "अहो, नका, मी चाललेय," मी म्हणत होते. तिचं लक्षच नव्हतं. सगळं उपटून झाल्यावर तिने मातीचे हात माझ्यासमोर जोडले.

"बगा बाई, आता हितं काय नाय. जावा तुमी."