विजेच्या वाट्याची बादली

इंझोरीच्या फाट्यावर त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. बोलताना तो समोरच्याकडं पाहत नाही, आभाळाकडं पाहतो. दुकानात फोटो एकच, पुढून टकल्या आणि मागं खांद्यापर्यंत केस असलेल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याचा. कुणी विचारलं की म्हणतो, "अमेरिका उभी करणाऱ्यायपैकी हाय हा. मले त्याच्या राजकारणाशी काय करा लागते? इमारतीवर सळई लावून वीज जमिनीत उतरवाची, हे त्यानं शोधलं. अन् त्या शोधाचा हक्क सोताकडं नाही ठेवला."

शाळेवरची तशी सळई यानंच बसवली. तिची तार जिथं मातीत जाते, तो अर्थिंगचा खड्डा ओला ठेवावा लागतो; कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही. यंदा वैशाखात टँकरवर भांडणं चालू असताना हा घरच्या पाण्यातली बादली घेऊन शाळेकडं निघाला. बायकोनं भर रस्त्यात बादलीची कडी धरली.

"प्याले पानी नाही, अन् मातीले कायले पाजता? शाळा तं बंद हाय!"

"अवकाळी आली का वावरातले लोकं शाळेच्याच व्हरांड्यात थांबते. तूबी थांबतं."

टँकरच्या रांगेतून मी मध्ये पडलो. "जाऊ द्या ना भाऊ, सळई तर लावलेली आहे."

तो पहिल्यांदाच आभाळ सोडून माझ्याकडं बघत म्हणाला, "म्हाताऱ्यानं सळई देली. पानी टाकाले काय तोच येईन अमेरिकेतून?"

बायकोनं कडी सोडली नाही. तशीच धरून ती त्याच्यासोबत शाळेकडं चालू लागली.