गाल फुगवायचे नाहीत

आमच्या घरातली मी पहिली बी.एस्सी. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, बाई मिरवतात. मिरवतेच. कोल्हारकडच्या आमच्या गावात मिशनचं बोर्डिंग होतं. आईने तिथे ओल्या लाकडांवर फुंकणी फुंकून पोरांच्या भाकरी भाजल्या, तेव्हा कुठे माझ्या नावापुढे ती अक्षरं लागली. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी ओबो शिकायला घेतला, तेव्हा तिला राग आला ते बरोबरच होतं.

"तुजी फुंकणी सुटावी म्हनून तुला शिकीवलं," ती म्हणाली, "आन् आता तू हौसेनं फुंकती व्हय?"

ओबो म्हणजे सनईची शहरात राहणारी, नीटनेटकी बहीण. नगरला सावेडीत मी आणि आई राहतो; आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात, मिलिटरी बँडमधून रिटायर झालेले. ते संध्याकाळी वाजवत. मी नवीन राहायला आले तेव्हा जिन्यात त्यांना विचारलं होतं, "काका, लग्न कोणाचं आहे?" ते इतके हसले की दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाद्यच हातात दिलं. शाळेत मी शास्त्र शिकवते, म्हणून ते मला टीचर म्हणतात.

पहिले काही दिवस नुसती रीड. बोरूसारख्या काडीच्या दोन पातळ पात्या एकत्र बांधलेल्या, तोंडात धरायच्या. त्या आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. ओट्यावरची वाटी बघून आईने विचारलं, "ह्याची उसळ करायची का?" रीडमधून आवाज निघाला तो बदकाच्या पिल्लाचा. आणि माझे गाल फुगले.

"टीचर, चूल पेटवायची नाहीये," काका म्हणाले.

मी चपापले. खरंच, मी चूलच पेटवत होते. लहानपणी आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसून फुंकणी मारायचे, तोच दम, तेच गाल. ओबोला हे चालत नाही. त्याची वाट इतकी बारीक की हवा जातच नाही, छातीत साठते. छाती भरलेली असते आणि तरी जीव गुदमरतो. काका सारखे सांगायचे, "आधी शिळी हवा टाका, मग ताजी घ्या." मला श्वसनसंस्था पाठ आहे, फळ्यावर फुप्फुसं डोळे मिटून काढते. पण तोंड काही बी.एस्सी. झालेलं नव्हतं.

मग आईच देखरेखीला बसायला लागली. समोर लसूण सोलत बसायची आणि मधेच ओरडायची, "फुगलं! डावा फुगला!"

"आई, सूर तरी ऐक."

"सुराचं मला कळत न्हाई. गालाचं कळतं."

आमच्या गावच्या चर्चमध्ये सुगीचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं, आणि उपासना झाली की चर्चच्या मदतीसाठी त्याचा लिलाव. आम्हाला शेत कधीच नव्हतं. आई दरवर्षी दुकानातला नारळ न्यायची आणि तो इतरांच्या भोपळ्यांमागे सरकवून ठेवायची. ते मला तेव्हाही दिसायचं. त्या वर्षी मला न विचारता तिने फोनवर निम्म्या गावाला सांगून टाकलं, "औंदा नारळ न्हाई. आमची पोर वाजीवनार हाय."

झालं. आता एक कडवं अख्खं, न फाटता यायलाच हवं होतं. समोर बसणार होती ती सगळी तिच्या हातची भाकर खाऊन मोठी झालेली पोरं. रीड किंचाळली असती तर मी नगरला येऊन शाळेत रमले असते. गावाकडून फोनवर येणारं चिडवणं तिच्या वाट्याला राहिलं असतं.

सणाच्या दिवशी टेबलावर कणसं, ऊस, भोपळे, आणि पाय बांधलेली एक कोंबडी. आई पहिल्या बाकावर. सगळ्यांना पाठ असलेलं गीत मी निवडलं होतं. दोन ओळी सरळ गेल्या. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर छाती गच्च झाली. शिळी हवा टाकायची राहिली होती. मी थांबले. टेबलावरची कोंबडी कुरकुरली. मी ओबो तोंडातून काढला आणि फुस्सकन श्वास सोडला.

मागच्या एका म्हाताऱ्या बाबांना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी तिथूनच ओळ उचलली. ढोलकी आली, टाळ्या आल्या, सगळं चर्च गायला लागलं. मी ताजा श्वास घेतला आणि चौथ्या ओळीला त्यांच्यात शिरले.

लिलावात एक मिशा पिकलेला बोर्डिंगवाला ओरडला, "मावशी, पोरीच्या पिपाणीची बोली कितीपासून?"

"ती इकायची न्हाई," आई म्हणाली. "तू गुमान भोपळा घे."

परतताना एसटीत मी ओबो मांडीवर घेऊन बसले होते. शेवटी म्हटलं, "मधेच थांबले गं मी."

"फुंकणीबी मदी तोंडातनं काढावीच लागती. न्हाईतर धूर गिळशील." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाल न्हाई फुगलं. म्या बघत हुते. डावाबी न्हाई."