एक मेढ, एक माणूस

बिरू आप्पा कुणाला कधी खुशाली विचारत नसत. आधी समोरच्याच्या पायांकडे बघत, मग म्हणत, "पाय बरं हायती न्हवं?" माणूस म्हणजे पायच, वरचं सगळं उगाच लावलेलं, अशी त्यांची समजूत असावी. न्हावऱ्याजवळच्या आमच्या धनगरवाडीत जत्रेचा गजी नाच त्यांच्या हातात होता. ढोल त्यांच्या गळ्यात आणि भोवती पांढरे झगे घालून रुमाल उडवणारी माणसं.

नाचाचा मांडव आम्हीच घालायचो. प्रत्येक घरानं एक मेढ, म्हणजे मांडवाचा खांब, आणायची आणि नाचायला एक माणूस द्यायचा. मेढी गोलात रोवायच्या, वर लिंबाचा पाला आणि उसाचं पाचट टाकायचं. एखादं घर आलं नाही तर आप्पा गोल तेवढा आवळून घेत. "ल्हान झाला तरी चालंल, पर फट नगं."

मग आम्ही तरणे गडी सणसवाडीच्या कंपन्यांत शिफ्टला लागलो. एका वर्षी मी नुसती मेढ पाठवली. संध्याकाळी घरी आलो तर ती दारात परत आलेली. आई म्हणाली, "आप्पा सोता खांद्यावर घिऊन आलं. म्हणलं, मेढ नाचत न्हाई." मला राग आला. खरं तर लाज वाटली होती, पण रागावणं सोपं होतं.

पुढे जत्रेत भाड्याचा कापडी मांडव आला, डीजे आला. आप्पांनी रस्त्याकडेला आपला मांडव घातलाच. शेवटच्या वर्षी मेढी चारच होत्या. सकाळी कंपनीच्या बसमधून मी बघितलं. आप्पा वाजवत होते, तीन म्हातारे नाचत होते. आप्पांनी बसकडे बघून हात वर केला. मी युनिफॉर्मचं बटण लावत बसलो.

दोन महिन्यांनी आप्पा गेले. मयतीची सुट्टी साहेबांनी लगेच दिली. नाचासाठी मी ती कधी मागितलीच नव्हती. त्या दिवशी वाडीतल्या एकूण एक घरातून माणूस आला. आप्पांना वाजवत न्यायचं ठरलं आणि कुणीतरी ढोल माझ्या गळ्यात अडकवला. दोन टोले मारले, पुढचं येईना. शेजारच्याकडे बघितलं, त्यालाही येईना. म्हातारे तिघे फक्त नाचणारे. आप्पांकडे ढोल शिकायला आमच्यातलं कुणी कधी गेलंच नव्हतं.

आप्पांना आम्ही मुक्यानंच नेलं.