मानाची रजई

चादरीच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक सुताचा कचरा, दुसरे गिऱ्हाइकांचे किस्से. कचरा रोज झाडता येतो हो, किस्स्यांचं काय करायचं? सत्तर-बहात्तर सालच्या सुमाराला मी सोलापुरात अण्णांच्या दुकानात गादीवर बसून दिवसभर चादरी उलगडायचो आणि घड्या घालायचो. तेव्हापासूनचे एकेक नमुने डोक्यात मुक्काम ठोकून आहेत. माणसाची अक्कल बघायची असेल ना, तर त्याला पांघरूण निवडायला सांगा. बस्स!

मालकांचं नाव चन्नप्पा, पण सगळे अण्णाच म्हणायचे. त्यांचं एक तत्त्व होतं. "चादर मानूस बघून द्यायची न्हाय, मोसम बघून द्यायची!" उन्हाळ्याला एकेरी सुताची पातळ, पावसाळ्याला मध्यम, थंडीला दुहेरी सुताची जाड. कापूस भरलेल्या रजया पार मागच्या फळीवर. कुणी रजई मागितली की अण्णा भडकायचे, "सोलापुरात ऱ्हाता का काश्मिरात?" तत्त्व चांगलंच होतं. पण ऐकतंय कोण!

*

कॉलेजातले एक प्रोफेसर ऐन एप्रिलात आले. टेरिकॉटची पॅन्ट, खिशाला दोन पेनं. विचारतात काय, "ही चादर किती डिग्रीपर्यंत चालते?"

मी म्हटलं, "सर, चादर आहे, थर्मामीटर नाही."

"तुम्हा लोकांना शास्त्र म्हणून नाही. मी स्वतः प्रयोग करतो!" असं म्हणून हा माणूस चपला काढून आमच्या गादीवर आडवा झाला की! आधी पातळ पांघरली, मग मध्यम, मग जाड. जाडीवर आला आणि चक्क घोरायला लागला. आम्ही त्याला ओलांडून बाकीच्या गिऱ्हाइकांना माल दाखवतोय! शेवटी त्यांच्या मिसेस शोधत आल्या. नवऱ्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, ह्यांना गोणपाट घातलं तरी झोप लागते. ह्यांना कसल्या भारी चादरी दाखवताय!"

*

वळसंगचं एक म्हातारं जोडपं यायचं. दर मोसमाला भांडण तेच. म्हाताऱ्याला उकडायचं, म्हातारीला थंडी वाजायची. तो म्हणणार पातळ, ती म्हणणार जाड. बाहेर गर्दी जमायची. एकदा अण्णांनी अक्कल पाजळली. "आजी, असं करा की. आजोबांना पातळ घ्या, तुमाला जाड. दोगांना दोन!"

म्हातारी अशी उसळली म्हणता! "काय बोलता मालक? उभा जल्म एका पांघरुणात काढला आमी. आन तुमची एक चादर जास्ती खपावी म्हनून आता आमचा संसार मोडता व्हय?"

आणि म्हातारा लगेच तिच्या बाजूनं! "व्हय की! पुन्यांदा हितं पाय ठेवनार न्हाय!" दोघं एकमेकांचा हात धरून तरातरा निघून गेली, चादर न घेताच. अण्णा आ वासून बघत राहिले. त्यांनी मोसम बघितला होता, माणसं बघायची राहिली होती.

*

हेच तत्त्व अण्णांच्या घरात कसं शेकलं ते ऐका. एकुलती एक लेक, महादेवी, मैंदर्गीला दिलेली. पहिल्या दिवाळसणाला जावई आला. चादरीचं दुकान घरचं, सगळ्यांचे डोळे लागलेले. आणि अण्णांनी त्याच्या हातात काय ठेवलं? एकेरी सुताची पातळ चादर! "मैंदर्गीत दिवाळीला कुटली आलीय थंडी? मोसमाला हीच बरोबर."

महादेवीचे सासरे म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यांनी ती चादर भर बाजारात उन्हाला धरली. "बघा रं बघा! व्याह्यानं दिलेल्या पांघरुणातनं मला अख्खी मैंदर्गी दिसतीया!"

झालं! संक्रांतीला महादेवी माहेरी आली, ती सासऱ्यानं परत नेलीच नाही. निरोप आला, "आदी आमच्या मानाचं पांघरूण, मग सून." इकडे अण्णा म्हणतात, "मी कुटं चुकलो?" दोन म्हातारे हट्टाला पेटले आणि पोरगी बसली परसात भांडी घासत. तिला नवऱ्याकडं जायचं होतं हो! तोंडावर सांगायची, "अण्णा, चादरीचं तुमचं तुमी बघा. मला एसटीत बसवून द्या." पण तिला विचारतंय कोण? मला तर त्या दोघांची अशी चीड यायची, सांगता सोय नाही.

*

आणि जावई? त्याचं तर काय वर्णन करावं! शाळामास्तर. फाल्गुनात एकदा दुकानात येऊन कोपऱ्यात उभा राहिला. अण्णा जेवायला गेलेले, तेवढी वेळ साधली होती पठ्ठ्यानं.

"घरी सगळे बरे हायत न्हवं?"

मी म्हटलं, "महादेवी बरी आहे. घर मागच्याच गल्लीत आहे. जा की, घेऊन जा!"

"अप्पांना इचारायला पायजे," म्हणाला आणि बापाच्या नुसत्या आठवणीनं घाम पुसला. मग रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून एक टॉवेल विकत घेतला आणि स्टँडकडं चालू लागला.

नरसय्या आमचा जुना सेल्समन. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "बायको ठेवून टॉवेल घेऊन गेला! असला गिऱ्हाईक मी बघितला नाय."

महादेवीला हे कळलं, त्या दिवशी ती जेवली नाही.

*

पोर जेवली नाही म्हटल्यावर अण्णा ढासळले. त्या साली अधिक महिना नेमका वैशाखात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान! अण्णांनी ठरवलं, ह्या वेळी रजई. तीही अशी जाड की व्याह्याचं तोंड बंद झालं पाहिजे. "मोसम गेला खड्ड्यात!" आणि हे वेड घरापुरतं राहतंय होय? दुकानातही तेच सुरू.

एक बाई पाळण्यासाठी पातळ चादर मागायला आली. अण्णांनी तिच्यापुढं रजई टाकली. "बारशाला मान ऱ्हायला पायजे, ताई!"

"मालक," ती म्हणाली, "बाळ झोपवायचंय, इडल्या नाही उकडायच्या!"

रजई भरणारा पिंजारीसुद्धा शेवटी वैतागला. "अण्णा, एवढा कापूस कोंबला तर ही रजई ऱ्हानार न्हाय, गादी हुईल."

"होऊ दे. खाली घालायची का वर घ्यायची, ते व्याही बघतील!"

*

धोंड्याच्या जेवणाला व्याही आणि जावई दोघं आले. रजई उचलून न्यायला मी आणि नरसय्या होतोच, आम्हालाही पानावर बसवलं. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. पुरणाचे धोंडे झाले, वर तूप झालं. मग अण्णांनी रजई जावयाच्या मांडीवर ठेवली. पोरगं तिच्यामागं दिसेनासं झालं.

"घ्या बीगर, बघून घ्या," अण्णा म्हणाले. मैंदर्गीकडं व्याह्याला बीगर म्हणतात.

व्याह्यांनी बोटानं दाबून बघितलं. "दिसाय जाड हाय. पर ऊब हाय का? मागच्या बारीला फसलोय आमी." आणि पोराला म्हणाले, "घे रं पांघरून."

"आत्ता?"

"मग काय पुसाच्या थंडीत? रजई मला पटली तर आज सून न्यायची, न्हायतर न्हाय."

पोरगं मुकाट्यानं आडवं झालं. अण्णांनी स्वतःच्या हातानं रजई त्याच्या गळ्यापर्यंत ओढली. व्याही वर बघून म्हणाले, "पंका बंद करा की. वाऱ्यात ऊब कशी कळंल?" आणि अण्णा, मोसम शिकवणारे आमचे अण्णा, उठले आणि बटण बंद करून आले!

"ऊब हाय का रं?"

"हाय," जावई म्हणाला. तोंड लालबुंद, कानामागनं घाम ओघळतोय.

"पड आनखी जरा. घाई न्हाय."

मला सांगा, एवढे कर्ते बाप्ये त्या खोलीत, आम्ही दोघं धरून. पण "उकडतंय" हा शब्द एकाच्या तोंडातून निघेल तर शपथ!

एवढ्यात स्वयंपाकघरातून महादेवी आली. पदर खोचलेला. तिनं नवऱ्याच्या अंगावरची रजई दोन्ही हातांनी ओढून काढली. लोडाला टेकलेल्या सासऱ्यांच्या अंगावर ती पायापासून गळ्यापर्यंत नीट घातली, कडासुद्धा खोचल्या.

"मामा, मान तुमचा हाय. तुमीच पांघरा."



जावई उठून बसला. सदरा पिळून निघेल इतका भिजलेला. माठातलं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि पहिल्यांदाच बापाकडं न बघता बोलला, "मैंदर्गीची एसटी कवा हाय?"

"आत्ताच हाय," महादेवी म्हणाली.

"चल मग."

तिनं पिशवी उचलली. दोघं उन्हात बाहेर पडली. अण्णा भानावर आले आणि लगबगीनं पंख्याच्या बटणाकडं निघाले. तसा रजईखालनं व्याह्यांचा आवाज आला.

"ऱ्हाऊ द्या बीगर. ऊब बरी हाय."