वनवास रद्द झाला तो रविवार: आगाशी, होळी आणि वसईचा किल्ला

सहलीचं खूळ माझंच. विरारला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी दर रविवारी सकाळी मुलांना रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगतो. मी कुणी शास्त्री-पंडित नाही, मुंबईतल्या एका कचेरीत कारकून आहे. मुलं टीव्हीपुढून हलेनात म्हणून दोन वर्षांपूर्वी हा वर्ग सुरू केला. एवढं सगळं ऐकून झाल्यावर परवा हृषीकेशने विचारलं, "काका, वनवास म्हणजे ट्रेकिंग ना?" पालथ्या घड्यावर पाणी! मग ठरवलं, पोरांना गच्चीवरून उतरवायचं, जुनी देवळं दाखवायची आणि शेवटी वसईच्या किल्ल्यात त्यांच्याकडून वनवासाचा प्रवेश करून घ्यायचा.

आणखी एक कारण होतं. आमची मुक्ता नऊ वर्षांची. मी आणि बायको संपदा, दोघंही नोकरीला मुंबईत. घरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. शाळा सुटल्यावर मुक्ता शेजारच्या काकूंकडे थांबायची, पण त्या आता मुलाकडे बडोद्याला चालल्या आहेत. म्हणून जूनपासून मुक्ताने साताऱ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहायचं असं ठरलं. मी अक्काला तसा शब्द दिला. तिने तिथल्या शाळेत प्रवेशही घेऊन ठेवला. मुक्ताला सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. संपदा काळजीत पडली, "इतकं सहज कसं?" मी म्हणालो, "वर्गाचा गुण आहे." मला तेव्हा चक्क अभिमान वाटला होता.

तर दहा मुलं आणि आम्ही दोघं. विरार पश्चिमेहून आगाशीची एसटी पकडली. जाणाऱ्यांनी सकाळचीच पकडावी, उन्हं चढल्यावर आगाशीच्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. मुलांना अर्धं तिकीट पडतं, पण सुटे जवळ ठेवा, नाहीतर कंडक्टर शेवटच्या थांब्यापर्यंत रागावलेला राहतो.

आगाशीला शंकराचं जुनं देऊळ आहे, समोर तळं. मी भारावून माहिती देऊ लागलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळ झाला.

"इथे राम आला होता?"

"नाही, हे नंतरचं आहे."

"मग पांडव?"

"अरे, पांडव नाशिक... म्हणजे तसं सगळीकडेच आले होते म्हणतात."

"म्हणतात म्हणजे खरं नाही?"

काय सांगणार! खरं म्हणावं तर पुरावा मागतील, खोटं म्हणावं तर दोन वर्षांचा वर्ग पाण्यात. मी सगळ्यांना सुकेळी घेऊन दिली. सुकेळी म्हणजे इथली वाळवलेली गोड केळी, आगाशीला गेलात तर घेतल्याशिवाय परतू नका. तोंडं चिकटली, प्रश्न थांबले. मुक्ताने मात्र तिचं पुडकं न खाता पिशवीत ठेवलं. म्हणाली, "हे टिकतं ना? मग नंतरसाठी." मला काही कळलं नाही. शहाणी आहे पोर, एवढंच वाटलं.

तिथून निर्मळवरून वसईकडे जाणारी एसटी. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्येच चर्च, मध्येच देऊळ. मुलं खिडकीतून मोजायला लागली आणि आकड्यांवरून भांडली. वाटेत होळी नावाच्या गावात उतरलो, कारण तिथे जेनेटचं आजोळ. जेनेट आमच्याच इमारतीतली, वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून आमचा राम तीच. रविवारची सहल बुडू नये म्हणून बिचारी शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये मिस्साला जाऊन आली होती.

तिच्या आजीने भाजीच्या वाडीतच चटई टाकून आम्हाला जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, वालाची भाजी आणि एवढं तिखट लोणचं की हृषीकेश, आमचा मुख्य वानर, डोळे पुसत जेवला. आजी प्रत्येकाला विचारत होती, तू नाटकात कोण. मुक्तापाशी आली.

"आनि तू कोन गं बाय?"

"दशरथ राजा."

"मंग राजा जेवत का नाय?"

मुक्ता हसली फक्त. ताटातली अर्धी भाकरी तशीच होती. राजाची भूमिका तिने आपणहून मागितली होती. बाकी कुणाला ती नको होती, कारण राजा रडतो आणि मरतो.

होळीहून किल्ला रिक्षाने फार लांब नाही, पण रिक्षावाल्याशी परतीचं आधीच बोलून ठेवा. आत दुकान नाही, पाणी सोबत न्या. झाडांनी भिंती गिळल्या आहेत, सावली भरपूर. एका पडक्या चर्चपुढे आम्ही थांबलो. जेनेटने विचारलं, "काका, हे आमचं की तुमचं?" मी पोर्तुगीज सांगितले, पेशवे सांगितले, मधे कुठेतरी माझंच गाडं अडलं. शेवटी म्हणालो, "आपलं सगळ्यांचं." हृषीकेश कुजबुजला, "काकांना माहीत नाही."

प्रवेश सुरू झाला. कैकेयीने वर मागितले. जेनेट खांद्याला झोळी लावून राजापुढे उभी राहिली. आता मुक्ताचं वाक्य होतं, आठवडाभर पाठ केलेलं: "मी शब्द दिला आहे, तो मोडता येणार नाही." मुक्ता जेनेटकडे बघत राहिली. मी बाजूने हळूच वाक्य सुचवलं. पुन्हा सुचवलं.

"जाऊ नको," मुक्ता म्हणाली.

"मुक्ता, चुकलं."

"नाही चुकलं. राजा मी आहे ना? मग मी सांगतो, रामाने जायचं नाही. मी शब्द मोडला."

एकच कल्ला उठला. कैकेयी ओरडली, "असं नसतं! राजाने शब्द दिला होता!" हृषीकेश हवालदिल, "मग आम्ही माकडांनी काय करायचं? आम्हाला कामच नाही!" सगळ्यांत लहान रावण मात्र नाचायला लागला, "मी मरणार नाही, मी मरणार नाही!" जेनेट झोळी हातात घेऊन मला विचारत होती, "काका, मी जाऊ की थांबू?"

मुक्ता रडत नव्हती. ती म्हणाली, "शब्द कैकेयीला दिला. जायचं रामाला. त्याला विचारलं कुणी?"

मी गोष्ट सांगणारा, मीच दुरुस्त करायला हवी होती. शब्द पाळणं केवढं मोठं, हे मीच तर शिकवलं होतं. आणि त्या भिंतीजवळ उभं राहून मला धड "शब्द पाळ" म्हणवेना, धड "मोड" म्हणवेना. संपदा माझ्याकडे बघत होती. तिला केव्हाच कळलं होतं. शेवटी मीच म्हणालो, "आज राम घरी राहील." माकडं नाराज झाली, त्यांना उरलेली सुकेळी वाटली.

परतताना रिक्षातही आणि विरारच्या एसटीतही माझ्या डोक्यात तेच चालू होतं. एकदा वाटे, पोरीने माझी दोन वर्षांची शिकवण मोडली. एकदा वाटे, वर्गात गोष्ट खरी ऐकली ती हिनेच. अजूनही नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यावर हातपाय धुऊन तिला जवळ बसवलं. विचारलं, "मुक्ता, तुला साताऱ्याला जायचंय का?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "खरं उत्तर देऊ की बरोबर उत्तर देऊ?"

"खरं," म्हणालो.

"नाही जायचं."

मी तिच्यासमोरच अक्काला फोन लावला. अक्का भडकली. "अरे, तू शब्द दिला होतास! मी शाळेत आता काय तोंड दाखवू?" मी म्हणालो, "दिला होता अक्का. मोडतोय." "मग पोरीला सांभाळणार कोण?" ते मला माहीत नव्हतं आणि हे लिहितानाही माहीत नाही. संपदा आणि मी आळीपाळीने रजा काढू, कुणी पाळणाघर सुचवेल, काहीतरी होईल. कुणाला विरार पश्चिमेला चांगली सोय ठाऊक असेल तर खाली जरूर लिहा.

फोन ठेवला तेव्हा मुक्ता समोर नव्हती. आतल्या खोलीत ती पलंगाखालून एक पिशवी ओढत होती. आम्ही दोघांनी ती कधी बघितलीच नव्हती. पिशवीतून तिने दोन फ्रॉक काढून कपाटात ठेवले, उशीचा अभ्रा काढला, आमच्या तिघांचा फोटो काढून पुन्हा भिंतीवरच्या खिळ्याला लावला. तो खिळा रिकामा आहे हे इतके दिवस माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग तिने सकाळचं सुकेळ्यांचं पुडकं फोडलं आणि आम्हा दोघांना एकेक दिलं.