काकी लढाई बघत नाहीत

चारकोपच्या आमच्या गेमिंग कॅफेत रविवारी एक बाई खेळायला येतात. नाव कुणी विचारलं नाही. सगळे काकी म्हणतात. गेममध्ये गाव वसवायचं, शेतं पिकवून त्यावर सैन्य उभारायचं आणि समोरच्याचं गाव पाडायचं. लढाई पेटली की आम्ही डोळे फाडून तिकडेच बघतो. काकींची नजर मात्र स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर असते. "लढाई काय बघतोस? शेतं बघ रे," बडीशेप चघळत त्या एवढंच शिकवतात.

परवा त्या माझ्याविरुद्ध खेळल्या. मी त्यांचं सैन्य कापलं, गाव जाळलं. मागचे ओरडले, "काकी, वाट लागली!" मी हेडफोन काढून उठलो.

"बस ना. गेम संपला असं कोण म्हणालं?"

खरंच संपला नव्हता. सुरुवातीलाच त्यांनी एक मजूर गुपचूप जंगलापलीकडे पाठवला होता. तिथे दुसरं गाव उभं होतं, पहिल्याहून मोठं. माझं सगळं सैन्य त्यांच्या राखेत उभं, आणि माझं गाव उघडं. मी परत खुर्चीत बसलो.

त्यांचे घोडेस्वार माझ्या वेशीतून आत शिरले, तेव्हाही काकींनी तिकडे पाहिलं नाही. त्या एक नवीन शेत मांडत होत्या.