भ्यालं कोण?

फोन ठाण्यावर आला तेव्हा मी सांगलीच्या बाजारातली एक किरकोळ मारामारी लिहून घेत होतो. साताऱ्याहून मालतीबाईंचा पुतण्या बोलत होता. "आत्या गेल्या. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि..." मी नुसतं "बरं" म्हणालो. अशा वेळी "बरं" म्हणालो याची मला अजून लाज वाटते. समोर फाटक्या शर्टांतली दोन माणसं एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत उभी होती. ज्या वकीलबाईंमुळे मी टेबलाच्या त्या बाजूला उभा नव्हतो, या बाजूला बसलो होतो, त्या बाई आता नव्हत्या.

याला तीन आठवडे झाले. मी लिहिणारा माणूस नाही, पंचनामे सोडले तर. आणि हे छापून आल्यावर आमचे साहेब मला काय म्हणतील तेही ठाऊक नाही. म्हणोत. बाईंच्या बाबतीत एक गोष्ट मी आठ वर्षं दाबून ठेवली, ती आता सांगून टाकायची आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पाटणजवळच्या खेड्यात राहत होतो. अंगाने दणकट, डोक्याने तापट. पोलीस भरतीत निवड झाली होती, फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. त्यातच एका जत्रेत माझी कुस्ती शेजारच्या गावच्या हणमाशी लागली. वीस मिनिटं झाली तरी निकाल लागेना, तेव्हा पंचांनी ती बरोबरीत सोडवली. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर मी त्याला चीत केला असता, असं मला वाटत होतं. त्यालाही तसंच वाटत असणार. संध्याकाळी एसटी स्टँडवर तो पुढ्यात आला. "वाचलास गड्या," म्हणाला. "पोलिसाची पाठ मातीला लागली असती, तर सरकारची अब्रू गेली असती की रं!" झालं. मी पिशवी खाली टाकली आणि त्याला धरला.

आमच्याकडे दोन गडी भिडले की लोक आपोआप गोल करतात. तसा तो झाला. सोडवायला कुणी आलं नाही. शिट्ट्या, टाळ्या, "हाण", "उचल त्येला"... एक कंडक्टर शिडीवरून गाडीच्या टपावर चढला. दुपारी ज्याच्यासाठी लोकांनी मला फेटा बांधला होता, तेच मी संध्याकाळी फलाटावर करत होतो, त्यात गुन्हा असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. बाकाजवळ शेवंता कासारणीची बांगड्यांची पेटी होती. ती आमच्या लाथेने उलटली आणि बांगड्यांचा चुरा झाला. मग पोलीस आले.

असल्या केसला तालुक्याच्या कोर्टात एकच रिवाज होता. कबूल करायचं, किरकोळ दंड भरायचा आणि दुपारच्या गाडीने घरी जायचं. हणमाने पहिल्याच तारखेला तेच केलं आणि कोर्टासमोर उभा राहून भजी खाल्ली. मीही तेच करणार होतो. पण आईचा जीव राहीना. माहेरच्या ओळखीने तिने मला साताऱ्याला मालतीबाईंकडे पाठवलं.

बाई मूळच्या वाईच्या. तेव्हा पन्नाशीच्या असतील. बारीक अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरसुद्धा क्षणभर थांबून मगच बोलायची सवय. त्या थांबण्याने भल्याभल्यांना घाम फुटायचा. मी म्हणालो, "आवं बाई, कबूल करतो आन् सुटतो."

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "सुटतोस कसला? अडकतोस. दंड कितीही छोटा असो, शिक्षा ती शिक्षाच. पडताळणीच्या कागदावर काय लिहिशील? भजी खाल्ली म्हणून?"

माझ्या पायांखालची जमीन सरकली. इतकी माणसं मला शहाणपणा शिकवत होती, पण एवढं साधं कुणी बोललं नव्हतं. बाईंनी उठून कपाटातून इंग्रजीचा एक जाडजूड शब्दकोश काढला. "या कलमातला शब्द आहे अफ्रे," त्या म्हणाल्या. "आपण मारामारी म्हणून मोकळे होतो. पण हा शब्द नुसत्या मारामारीचा नाही. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या पोटात शांतता अशा अर्थाचा फार प्राचीन शब्द आहे. माणसाला त्याच्या शांततेतून खेचून बाहेर काढणं, म्हणजे घाबरवणं, हा याचा मूळ अर्थ. शाळेत अफ्रेड शिकलास ना? भ्यालेला. तो यातूनच निघाला." मग शब्दकोशावर बोट ठेवून म्हणाल्या, "तू हणमंताला किती ठोसे मारलेस, याच्याशी या शब्दाला फारसं देणंघेणं नाही. बघणाऱ्यांचं काय झालं, ते तो विचारतो. चारचौघांत भांडलात, बरोबर. पण भ्यालं कोण?"

मी छाती फुगवून म्हणालो, "कोण न्हाई बाई. लय मजा आली समद्यांस्नी."

"मग तेच कोर्टात येऊ दे."

आणि ते आलं. स्टँडवरच्या चहावाल्याला बाईंनी उलटतपासात विचारलं, तुम्ही घाबरलात का? तो म्हणाला, "भ्यायचं काय त्यात? जत्रंत निकाल लागला न्हवता, हितं लागंल म्हनून बघत हुतो." कोर्ट हसलं. कंडक्टरनेही तसंच सांगितलं. राहिली शेवंता कासारीण. सगळ्या कागदांत "मी लय भ्याले" असा एकच जबाब होता, आणि तो तिचा होता. ती कोर्टात तेच बोलली तर माझी वर्दी गेली, हे मला कळत होतं. बाईंनी बजावलं, "ती जे म्हणेल ते म्हणेल. तिच्या दारात कुणीही जायचं नाही. कळलं?"

मी मान डोलावली. आणि तारखेच्या आदल्या सकाळी मी आईला घेऊन तिच्याच दारात गेलो.

आई आत बांगड्या भरायला बसली. मी अंगणात. शेवंताबाईंनी दोन्ही हात भरले. बांगड्या भरून झाल्या की बाया कासारणीला नमस्कार करतात, तशी आईही वाकली. पण तिने पाय सोडलेच नाहीत. "पोराची भाकरी तुमच्या तोंडात हाय," एवढंच म्हणाली. मला सगळं ऐकू येत होतं. मी उठून आईला थांबवू शकत होतो. नाही थांबवलं.

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. सरकारी वकिलांनी जबाब वाचून विचारलं, "तुम्ही घाबरला होता ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा घरघरत होता. "न्हाई," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. "न्हाई जी. न्हाई भ्याले." सरकारी वकिलांनी कागद आपटला, दोनचार प्रश्न दरडावून विचारले, आणि खाली बसले. मालतीबाई उठल्या. चष्म्यातून शेवंताबाईंकडे बघत थांबल्या. नेहमीपेक्षा फार जास्त थांबल्या. मग म्हणाल्या, "प्रश्न नाहीत."

मी निर्दोष सुटलो. पेढे घेऊन बाईंकडे धावलो, तर त्यांनी हात पुढे केला नाही. "तिच्या दारात कोण गेलं होतं?" मी खोटं बोलू शकलो नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, आता या परत कोर्टात जातात आणि सगळं उलटवतात. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा राग आला होता. पण त्या फक्त म्हणाल्या, "त्या बाईला जाऊन भेट. विचार, खरं काय होतं ते. आणि मग मला सांगायला ये. पेढे तेव्हा."

मी पोलीस झालो. सांगलीत नेमणूक झाली, लग्न झालं. दर दिवाळीला बाईंकडे जायचो, आणि फराळाची ताटली पुढे सरकवताना त्या दर वेळी विचारायच्या, "शेवंताबाईंना भेटलास?" दर वेळी माझी कारणं तयार. बंदोबस्त, रजा नाही, आई आजारी. खरं कारण एकच होतं, मला भीती वाटत होती. कुस्तीगीर, वर बिल्ला, आणि एका कासारणीच्या दाराला भ्यायचो. या शेवटच्या दिवाळीला बाई फार थकल्या होत्या. पुन्हा तोच प्रश्न आला, आणि मी म्हणालो, "भेटलो की बाई. काय न्हाई म्हनल्या. बरं चाललंय त्यांचं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. थांबल्या. आणि पेढा मागितला नाही.

बाईंच्या दहाव्याला साताऱ्याला गेलो आणि तिथून थेट पाटण गाठलं. शेवंताबाई आता धंदा करत नाहीत, नजर कमी झाली आहे. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "आलास व्हय? लय उशीर लावलास." मी विचारलं. आठ वर्षं तोंडात अडकलेला प्रश्न.

"भ्याले तर," त्या म्हणाल्या. "माजा थोरला भाऊ असाच गोलात गेला रं. समदे शिट्ट्या मारत व्हते. कुनाला कळलंच न्हाई त्यो कवा मेला ते. त्या दिशी तुमचा गोल बघून माजं लुगडं भिजलं. ते कोर्टात सांगायचं व्हय? पर सांगितलं असतं."

"मग न्हाई का म्हनला?"

"तुज्या आईनं पाय धरलं व्हतं. पर त्या चष्म्यावाल्या बाई उठल्या ना, तवा मी मनात म्हनलं, ह्या इचारनार. बाईमानसानं इचारल्यावर माज्यानं खोटं बोलवनार न्हाई. माज्या डोळ्यांत बघितलं त्यांनी. त्यांस्नी समदं कळलं व्हतं बघ. आन् इचारलंच न्हाई."

भ्यालं कोण, हे बाईंना त्या क्षणी समोर दिसलं होतं, आणि माझ्यासाठी त्यांनी तो प्रश्न गिळला. शेवंताबाईंच्या दारात जायचं धाडस त्यांनाही झालं नसावं. म्हणून दर दिवाळीला मला पाठवत होत्या. आणि मी त्यांना खोटं सांगून रिकाम्या हाताने जाऊ दिलं.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या मंडईत दोघा हमालांची जुंपली. सोडवले, बाजूला बसवले. आजवर मी अशा वेळी "पहिला हात कुणी उचलला?" हेच विचारत आलो. त्या दिवशी गोलातून बाहेर आलो. केळीवाल्या मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. विचारलं, "मावशी, भ्यालात का?"

"न्हाई साहेब. आमी कशाला भ्यायचं?"

वही मिटली, केळ्यांचं रिकामं खोकं ओढून त्यांच्याशेजारी बसलो, आणि थांबलो.